आईच्या धमनीला आतून लागलेलं अस्तर : माझा अनुभव

हार्ट अटॅकनंतर आईची अँजिओप्लास्टी मनगटातून करायची होती. तिथून केली की रक्तस्रावाचा धोका कमी. पण तिची मनगटातली धमनी फार बारीक आणि वळणावळणाची निघाली, म्हणून उजव्या जांघेतून नळी घातली. हृदयातला स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, व्यवस्थित बसला.

संध्याकाळी आई म्हणाली, "कंबर फार भरून आलीय रे." सारखं उताणं झोपून असेल, असं मामांना वाटलं. जांघेवरची पट्टी कोरडी होती. सिस्टरना मात्र तिचं घामेजलेलं कपाळ खटकलं. बीपी घेतलं तर वरचा आकडा ८० च्या आसपास. त्यांनी तडक डॉक्टरांना बोलावलं. त्या सिस्टरचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

सुई जांघेत जरा जास्त वर लागली, की खाली आधाराला हाड नसतं. मग बाहेरून कितीही दाबा, रक्त थांबत नाही. ते पोटाच्या मागच्या बाजूला साठत जातं आणि बाहेर थेंबही दिसत नाही. सीटी अँजिओग्राफीत नेमकं तेच दिसलं.

मामा रक्ताच्या पिशव्यांसाठी स्वारगेटकडच्या रक्तपेढीत धावले. इकडे माझ्यापुढे संमतीपत्र आलं. हृदयातला स्टेंट ताजा, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या बंद करता येत नव्हत्या, त्यामुळे मोठं ऑपरेशन जास्त धोक्याचं होतं. डॉक्टर म्हणाले, डाव्या जांघेतून जाऊन स्टेंट-ग्राफ्ट बसवू. साध्या स्टेंटच्या जाळीतून रक्त झिरपतच राहतं. स्टेंट-ग्राफ्टच्या जाळीवर पीटीएफई नावाच्या प्लास्टिकचं पातळ आवरण असतं. कोटाला अस्तर लावतात तसं ते धमनीला आतून लागतं. तोवर फुगा फुगवून भोक दाबून धरायचं.

"पुढे मांडी घालून बसता येईल ना तिला?" मी विचारलं. त्यांनी पडद्यावर जागा दाखवली. भोक सांध्याच्या वर, ओटीपोटातल्या धमनीला होतं. नेमकं सांध्यावर असतं, तर त्यांनी स्टेंट शक्यतो टाळला असता. तिथे उठता-बसता तो वाकतो, मोडूही शकतो.

स्टेंट उघडला, गळती थांबली, बीपी हळूहळू वर आलं. रात्रभर सिस्टर पावलाची नाडी तपासत होत्या, कारण असा स्टेंट गुठळीनं बंद पडू शकतो. त्यासाठी पुढे डॉपलरही, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, ठरलेलं असतं.

मध्यंतरी आईची दाढ काढायची होती. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या थांबवाव्या का, हे मी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी एकही थांबवू दिली नाही. दाढ गोळ्या चालू असतानाच निघाली.