लाल दोरी

सुट्टीवर आलो की गल्लीतला पहिला प्रश्न ठरलेला: "सोलापुरात कुठला आलाय समुद्र, अन् तू बोटीवर कसा?" यंदा आप्पांनीच वेगळं विचारलं. "तपासायला साहेब येतो म्हणतोस, तो बघतो तरी काय?" मग रॉटरडॅमचं सांगावंच लागलं.

मी मालवाहू जहाजावर थर्ड ऑफिसर. लाइफबोटी, राफ्ट म्हणजे फुगणारे तराफे, आग विझवायचं सामान माझ्याकडे. परक्या बंदरात तिथल्या सरकारचा इन्स्पेक्टर शिडी चढून येतो. युरोपातले देश 1982च्या पॅरिस करारापासून एकाच पद्धतीनं तपासतात. एका बंदरातला शेरा आता पुढच्या बंदरात आपल्याआधी पोचतो. दोन रात्री जागून मी फायली लावल्या होत्या. रॉटरडॅमच्या इन्स्पेक्टरनं त्या भराभर उलटल्या. इमर्जन्सी जनरेटरनं 45 सेकंदांत लोड घ्यायला हवा, आमच्यानं घेतला. मग तो राफ्ट घडी करून ठेवलेल्या पांढऱ्या पिंपापाशी उकिडवा बसला. "जहाज बुडालं. आता पुढं काय होतं, सांग."

मी पाठ केलेलं सुरू केलं. चार मीटर खोलीच्या आत एचआरयूची, म्हणजे पाण्याच्या दाबानं सुटणाऱ्या खटक्याची, सुरी पिंप बांधलेला दोर कापते, पिंप वर येतं, पेंटर म्हणजे राफ्टची लांब दोरी ताणली जाऊन राफ्ट फुगतो, मग साधारण 220 किलोचा ताण आला की पेंटर आणि जहाज यांच्यामधली मुद्दाम कच्ची ठेवलेली लाल दोरी तुटते आणि...

तिथंच जीभ अडली. आमचा पेंटर लाल दोरीला नव्हताच. शॅकल म्हणजे लोखंडी अडकवण घालून थेट डेकच्या कडीला. म्हणजे फुगलेला राफ्ट जहाजाबरोबर तळाला. सर्व्हिसिंगहून आल्यावर तो बसवला मीच, दर महिन्याच्या चेकलिस्टवर टिकही माझीच.

कोड 17 लागला: निघण्याआधी दुरुस्त करा. काम दहा मिनिटांचं. कोड 30 असता तर जहाजच अडकवून ठेवलं असतं. कॅप्टन काहीच बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

आप्पांना दोरीचं काही उमगेना. शेवटी चटणीचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा घट्ट लावला, सुतळीनं वरवंट्याला बांधला आणि न्हाणीघरातल्या पिंपात सोडला. डबा खालीच. मग सुतळी आणि वरवंटा यांच्यामध्ये मागावरच्या सुताचा एक तुकडा बांधला. सूत तुटलं, डबा टुणकन वर.

आप्पा यंत्रमागावर जॉबर होते. तुटलेला धागा म्हणजे माग बंद, हेच त्यांना चाळीस वर्षं माहीत. बराच वेळ पाण्याकडं बघत राहिले. "म्हणजे हितं धाग्यानं तुटायचंच असतंय," ते म्हणाले. "अन् तू सुतळी बांधलास."

आई आतून ओरडली, "वरवंटा धुऊन आणा आधी, वाटण राहिलंय!"