देवमाशाचा श्वास नाकात बसलाय

काल एल रोसारिओला टाकी फुल्ल केली, कारण पुढे गेरेरो नेग्रोपर्यंत ३०० किलोमीटरच्या वर मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाचं वाळवंट. निवडुंग आणि उलट्या गाजरासारखी सिरिओची झाडं. (चिवडा वाटेतल्या कातावीन्या गावाच्या आधीच संपला. कोणी संपवला ते लिहीत नाही, त्याची बायको फेसबुकवर आहे.)

आज सकाळी छोट्या होडीतून ओहो दे लिएब्रेच्या खाडीत. करडे देवमासे पार आर्क्टिककडून हजारो किलोमीटर पोहत इथे पिल्लं घालायला येतात. १८५७ मध्ये याच खाडीत शिकारी घुसले. माद्या होड्या फोडायच्या, म्हणून यांचं नाव पडलं ‘सैतान मासा’. पिल्लावर भाले फेकल्यावर आई काय आरती ओवाळणार होती?

आणि आज एक मादी पिल्लाला घेऊन आपणहून होडीला येऊन खेटली! हात लावला. सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी गुळगुळीत कातडी, मध्येच किनाऱ्यावरच्या खडकासारखी खरखरीत. तेवढ्यात फुस्सकन श्वास सोडला तिने. सगळ्यांचे चष्मे ओले, आणि वास थेट सुकटीच्या बाजाराचा. आमच्यातला कट्टर शाकाहारी तोंड पुसत खदाखदा हसत होता.

अजून दोनदा आंघोळ केली. वास आहेच.