आमची वाटचाल: रेतनाच्या कांडीपासून भ्रूण प्रयोगशाळेपर्यंत

आमची सुरुवात कृत्रिम रेतनापासून झाली. द्रव नायट्रोजनची टाकी, सिमेनच्या कांड्या आणि गाय माजावर आली की फोन करणारे पशुपालक, एवढ्यावर व्यवसाय उभा राहिला. उत्तम वळूचं रक्त गोठ्यागोठ्यात पोचत होतं. उत्तम गाईचं काय, हा प्रश्न मात्र पशुपालक पुन्हा पुन्हा विचारत. वर्षाला फार तर एक वासरू देणाऱ्या गाईचा वंश वाढवायचा, तर तिची बीजांडंच काढायला हवीत. त्यातून आयव्हीएफची, म्हणजे शरीराबाहेर बीजांड फळवण्याची, छोटी प्रयोगशाळा आली.

अल्ट्रासाउंडच्या पडद्यावर बीजांडकोश बघत, त्यातली 2 ते 8 मिलिमीटरची पुटकं (बीजांड असलेल्या द्रवाच्या पिशव्या) सुईने शोषून घ्यायची, की मग खरं बारकाईचं काम मायक्रोस्कोपखाली सुरू होतं. ज्या बीजांडाभोवती पेशींचे दाट, सलग थर आहेत ते पुढे टिकतं. उघडं पडलेलं क्वचितच. 38.5 अंशांवर जवळपास एक दिवस ते पक्व होऊ द्यायचं, शुक्राणूंसोबत ठेवायचं, आणि त्यानंतर सातव्या दिवसाच्या सुमारास प्रत्यारोपणाजोगा, म्हणजे दुसऱ्या गाईच्या गर्भाशयात बसवण्याजोगा, भ्रूण मिळतो. 100 बीजांडांमागे 30 भ्रूण हे चांगलं काम.

पण तीच सुई, तेच हात असताना एक गाय भरभरून बीजांडं देते आणि शेजारच्या खुंट्यावरची जेमतेम. हा फरक बऱ्याच अंशी अनुवंशाचा आहे. कोणत्या गाईत किती पुटकं असतात हे दर खेपेला साधारण तसंच राहतं, आणि रक्तातल्या एएमएच संप्रेरकावरून त्याचा अंदाज येतो. वशिंड असलेल्या गाई या बाबतीत युरोपीय जातींपेक्षा बऱ्याच पुढे असतात. भरपूर दूध देणारी गाय भरपूर बीजांडं देईलच असं नाही, म्हणून दात्री गाय निवडण्याआधी आम्ही एएमएच तपासतो आणि निकाल मालकासमोर ठेवतो.

जनुकीय चाचणीचा आग्रहही आम्ही धरतो. होल्स्टिन या दुधाळ जातीतला एचएच1 हा जनुकीय दोष पॉनी फार्म आर्लिंडा चीफ या गाजलेल्या वळूकडून पसरला. गाय आणि वळू दोघेही वाहक निघाले तर सरासरी 4 पैकी 1 भ्रूण पोटातच मरतो, आणि मालकाला फक्त गाय उलटलेली, म्हणजे पुन्हा माजावर आलेली, दिसते. एवढ्या मेहनतीचा भ्रूण असा वाया जाणं मला सहन होत नाही.

अनुवंशाने दिलेलं हवामान आणि चारा हिरावून घेऊ शकतात. उन्हाच्या तडाख्यात पुटकांतलं बीजांड बिघडतं, आणि पुटक वाढायला आठवडे लागत असल्याने हवा गार झाल्यावरही पुढच्या दोनतीन माजांपर्यंत भ्रूण कमी मिळतात. नुकती व्यायलेली, अंगावरची चरबी झडत असलेली गायही तशीच. तिला आम्ही थांबायला सांगतो, मालक कितीही घाईत असला तरी. सावली, पंखे, अंगावर पाण्याचे फवारे, संतुलित खाद्य हे आधी, सुई नंतर.

वळूचंही तसंच. गोठ्यात गाई छान गाभण ठेवणाऱ्या वळूचं सिमेन प्रयोगशाळेत चालेलच असं नसतं. प्रत्येक नवा वळू आधी थोड्या बीजांडांवर पारखून मगच आम्ही वापरतो.

सध्या आमचं लक्ष उन्हाळ्यावर आहे. नुकतं फळलेलं बीजांड उष्णतेने सहज मरतं, पण सात दिवसांचा भ्रूण ती बरीच सोसतो. त्यामुळे भर उन्हाळ्यात रेतनापेक्षा प्रत्यारोपणाने गाई गाभण राहण्याची आशा जास्त. थंडीत बीजांडं काढायची, भ्रूण गोठवायचे आणि उन्हाळ्यात बसवायचे, असं वेळापत्रक आम्ही बसवतोय. अडचण एकच: प्रयोगशाळेत वाढलेला भ्रूण गाईच्या पोटात वाढलेल्या भ्रूणाइतकं गोठणं सोसत नाही. आमचा बहुतेक वेळ आता त्यातच जातो.