पहिला दिवस : मांडवा ते दिवेआगर

आंघोळ झाली, जेवण झालं, पोटऱ्यांना तेल लावून झालं. खोलीतल्या बाकीच्या केव्हाच झोपल्या. मला झोप येत नाही, आणि त्याला कारण दुपारचं एक वाक्य.

"ताई, सायकल टेम्पोत टाकू का?"

काशीदच्या अलीकडचा चढ. ऊन डोक्यावर आलेलं, सगळ्यात हलका गिअर, आणि मी माझ्या गतीने चढत होते. थांबले नव्हते, पाय टेकला नव्हता. आमच्या घोळक्याच्या सोबतीचा टेम्पो शेजारी येऊन हळू झाला आणि त्यातल्या भाऊंनी खिडकीतून विचारलं. मी "नको" म्हटलं, ते "बरं" म्हणाले आणि पुढे गेले. एवढंच झालं. विचारलंही अगदी मायेने.

पण त्याच चढावर माझ्यापुढे तो कॉलेजचा मुलगा पोटरीत गोळा आला म्हणून सायकल हातात धरून चालत होता. टेम्पो त्याच्याजवळून तसाच निघून गेला. मी बघितलं.

मग मलाच का? वय पाठमोरंसुद्धा दिसतं का? निघताना धाकटी म्हणाली होती, "नाही झेपलं तर नुसता फोन कर, मी गाडी घेऊन येते." तेव्हा किती बरं वाटलं होतं. आता वाटतंय, मला झेपणार नाही हे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलंय की काय. डॉक्टरांचा चेहरा तर मी अजून विसरलेली नाही. आणि हे असते तर... जाऊ दे.

सकाळ किती छान गेली होती. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट सुटली, सगळ्यांच्या सायकली ओळीने बांधलेल्या, तासाभरात मांडवा. अलिबागनंतर चौलच्या वाड्यांमधली गार सावली, मग किल्ल्याच्या तटातूनच रेवदंड्यात शिरणारा रस्ता. कुंडलिकेच्या पुलावर आडवा वारा होता. तो मला मनापासून आवडतो, कारण हँडल घट्ट धरावं लागतं आणि डोक्यात दुसरं काही उरत नाही. तिथपर्यंत मी घोळक्याच्या मधोमध होते. साळावनंतर चढ लागले, तसतसे एकेक करून सगळे पुढे गेले.

काशीदनंतर मुरूडपर्यंतचं मला नीट आठवतच नाही. समुद्र उजव्या हाताला होता, आणि मी ते वाक्य चघळत पायडल मारत होते. ज्यासाठी वर्षभर तयारी केली तो रस्ता मी बघितलाच नाही, याचं सगळ्यात जास्त वाईट वाटतंय.

आगरदांड्याला पोचले, तर सगळे जेट्टीवर उभे. पुढच्यांची आधीची फेरी पाच मिनिटांनी हुकली होती. सगळ्यात वेगवान होते तेही, मीही, दुधाचे कॅन घेतलेला एक मोटरसायकलवालाही, सगळे पलीकडच्या दिघीकडे डोळे लावून. बोटीवर मी कुणाच्या मागे नव्हते. खाडीच्या तोंडाशी जंजिरा दिसत होता. इथे आता पूल होतोय. व्हायलाच हवा, दवाखान्यात निघालेल्या माणसाने जेट्टीची वाट का बघावी? पण आज पूल नव्हता याचा मला आनंद झाला, हे खरं आहे.

बोटीवर भाऊ शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "तुम्ही चढावर सीटवरून उठत नाही, म्हणून टिकता. ही पोरं उभं राहून जोर मारतात आणि मग गोळे येतात." म्हणजे त्यांनी नीट बघितलं होतं. इतकं बघूनही विचारलंच! तिथेच त्यांना म्हणायला हवं होतं, पण बोट टेकली आणि सगळ्यांची घाई सुरू झाली.

इथे दिवेआगरला जेवायला उकडीचे मोदक होते. वाढता वाढता काकू वाडीबद्दल सांगत होत्या. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात सुपारी आडवी झाली, नारळ गेले, घराचे पत्रे उडाले. सुपारीला फळ धरायला पाच-सहा वर्षं तरी लागतात, हे माहीत असूनही त्यांनी त्याच पावसाळ्यात रोपं लावली. वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्यांनाही कुणी ना कुणी विचारलंच असेल, काकू, आता कशाला? त्यांच्या बोलण्यात त्या विचारणाऱ्याचा राग कुठेच नव्हता. रोपांना पाणी कुठून आणलं, तेच त्या रंगून सांगत होत्या.

माझाही राग आता बराच उतरलाय. विचारणार लोक. कधी मीच "टाका" म्हणेन. उद्या श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि बागमांडल्याची जेट्टी, त्यापुढे दापोलीकडचे चढ आहेत आणि ते मला माहीत आहेत. पण उद्या निघण्याआधी भाऊंना सांगणार आहे, विचारायचं तर सगळ्यांना विचारा, आणि सुरुवात त्या गोळा आलेल्या मुलापासून करा.