पिट्सबर्गला जाताय? गाडी शक्यतो हॉटेलातच राहू द्या

पिट्सबर्गचा बेत नुसता नकाशा बघून आखला, तर फसायला होतं. अ‍ॅलेगेनी आणि मोनाँगहेला एकत्र येऊन जिथे ओहायो नदी सुरू होते, त्या टोकावर डाउनटाउन आहे आणि नद्यांपलीकडे लगेच डोंगर. नकाशात हाकेच्या अंतरावर दिसणारं ठिकाण शंभर मीटर उंचावर निघू शकतं. काही ‘रस्ते’ तर कागदोपत्रीच रस्ते, प्रत्यक्षात जिने. असे सार्वजनिक जिने सातशेहून जास्त आहेत. बरोबर बाबागाडी किंवा गुडघेदुखीची मंडळी असतील, तर फोनने दाखवलेल्या पायवाटेवर डोळे झाकून विसंबू नका.

विमानतळावरून २८एक्स बस डाउनटाउनमार्गे ओकलंड या विद्यापीठाच्या भागात जाते. भाडं २.७५ डॉलर. रोख द्यायचं तर मोजून द्या, सुटे परत मिळत नाहीत. कनेक्टकार्ड हे प्रवासाचं कार्ड घेतलंत तर तीन तासांत बस बदलायचे वेगळे पैसे पडत नाहीत. ‘टी’ नावाची लोकल डाउनटाउन ते नॉर्थ साइड फुकट आहे, पण मोनाँगहेला ओलांडून स्टेशन स्क्वेअरला जायला तिकीट लागतं.

माउंट वॉशिंग्टन चुकवू नका. डोंगरउतारावरच्या रुळांवरून तारेने ओढलेले दोन डबे चालतात, एक वर जाताना दुसरा खाली येतो. यालाच इथे इन्क्लाइन म्हणतात. मोनाँगहेला इन्क्लाइन १८७० ची, ड्यूकेन १८७७ ची. स्टेशन स्क्वेअरसमोरून पहिलीने वर जा, ग्रँडव्ह्यू अ‍ॅव्हेन्यूने साधारण दीड किलोमीटर चाला, म्हणजे ड्यूकेन लागेल. संगम इथूनच नीट दिसतो, आणि वरच्या स्थानकात जुनी यंत्रंही बघता येतात. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोहोचा: ऊन तुमच्या पाठीमागून थेट समोरच्या इमारतींवर पडतं, फोटो छान येतात. ड्यूकेनने खाली उतरलात तर भरधाव गाड्यांचा रस्ता लागतो. तिथून स्टेशन स्क्वेअरपर्यंत चालत बसण्यापेक्षा टॅक्सी बोलवा. आतषबाजीच्या रात्री दोन्हीकडे लांब रांगा लागतात.

मंगळवारी कार्नेगीची कला आणि निसर्गविज्ञान ही दोन्ही संग्रहालयं आणि चित्रकार अँडी वॉरहॉलचं संग्रहालय बंद. ओकलंडमधल्या कॅथीड्रल ऑफ लर्निंग या विद्यापीठाच्या ४२ मजली इमारतीत देशोदेशींच्या शैलीत सजवलेल्या खोल्या आहेत. भारताची खोली नालंदाच्या धर्तीवर, गुलाबी विटांची. पण हे चालू वर्ग आहेत, त्यामुळे सत्र सुरू असताना शनिवार-रविवारीच जा.

गाडी चालवणं भागच असेल, तर फोर्ट पिट बोगद्याची तयारी ठेवा. बाहेर पडताच अख्खं शहर अचानक समोर उभं राहतं, आणि नेमकं तेव्हाच पुलावर रस्ते फुटतात. पाट्या बोगद्याआधीच वाचा. लेन चुकली तर ऐनवेळी घुसू नका; नदीपलीकडे जाऊन परत या, पुलांना इथे तोटा नाही. सिग्नल हिरवा होताच समोरून येणारी गाडी तुमच्या आधी डावीकडे वळली तर हॉर्न वाजवू नका. नियमात बसत नाही, पण इथला रिवाज आहे.

पेन हिल्सच्या व्यंकटेश्वर मंदिरासाठी मात्र गाडीच बरी. शनिवार-रविवारी तिथल्या कँटीनमध्ये पुळिहोरा (चिंचेचा भात) आणि दहीभात मिळतो. वाटेत स्क्विरल हिल बोगद्यापाशी गाड्या तुंबतात, तेव्हा संध्याकाळी चार ते सहा टाळा.

आणि डाउनटाउनमध्ये मोनाँगहेलाच्या काठावरच्या मॉन व्हार्फ पार्किंगमध्ये गाडी लावण्याआधी नदीची पातळी बघा. ती १८ फुटांवर गेली की पार्किंगमध्ये पाणी शिरतं, आणि त्यासाठी शहरात पाऊस पडायलाच हवा असं नाही. वरच्या खोऱ्यातला बर्फ वितळला तरी पुरतं.