रिसेल फ्लॅट घेतला आणि राहण्यासारखा केला : माझा अनुभव

नवीन की रिसेल हा वाद आमच्याकडे फार चाललाच नाही. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं त्यामुळे लिफ्ट पाहिजेच, लेकाची शाळा पुण्यात कर्वेनगरला, आणि नवीन स्कीममध्ये जे बजेटात बसत होतं ते एक तर पार लांब किंवा पझेशनला तीन वर्षं, म्हणजे तोवर भाडंही भरा आणि हप्ताही भरा. म्हणून वारजे-कर्वेनगर पट्ट्यात रिसेल टू बीएचके शोधायचा असं ठरलं. हे सगळं २०२४ मधलं आहे, टॅक्स आणि ड्युटीचे नियम बदलत राहतात तेव्हा आकडे तुमच्या वेळेला परत बघून घ्या.

घरं बघताना एजंट नेहमी सकाळी अकराला बोलावतात. उजेड छान, पार्किंग रिकामं, पाणी नुकतंच येऊन गेलेलं. आम्ही आवडलेली घरं परत वेगळ्या वेळी बघायचो. एक फ्लॅट सकाळी इतका मस्त वाटला होता, आणि मे महिन्यात दुपारी चारला गेलो तर दोन्ही बेडरूम पश्चिमेला, भिंतीला हात लावला तर चटका. आणखी एका ठिकाणी हॉलच्या सीलिंगला एकाच कोपऱ्यात ताजा पेंट, बाकी सगळा जुना. मी काही बोलले नाही, खाली येऊन वॉचमनकाकांना विचारलं की टँकर किती येतात हो, तर त्यांनी टँकरचं तर सांगितलंच वर "त्या वरच्या बाथरूमचं भांडण चाललंय ना ताई" हेही सांगितलं. वॉचमन आणि इस्त्रीवाले या दोघांशी बोलल्याशिवाय टोकन देऊ नका.

शेवटी जो घेतला तो २००४ च्या बिल्डिंगमधला, तिसरा मजला, किंमत ठरली ७८ लाख. एजंट सांगत होता ९८० स्क्वेअर फूट. नवरा टेप घेऊन गेला आणि भिंतीच्या आतून मोजलं तर कार्पेट जेमतेम साडेसहाशे. यात फसवणूक अशी नाही, महारेरा, म्हणजे फ्लॅट कार्पेटवरच विकायला लावणारी व्यवस्था, २०१७ च्या मे पासून लागू झालं, त्याआधीच्या बिल्डिंगा सुपर बिल्टअपवरच (भिंती, जिना, लिफ्ट यांचा वाटा धरून) विकल्या गेल्या आणि रिसेलवाले तोच आकडा पुढे चालवतात. पण दोन फ्लॅटचे भाव शेजारी ठेवून बघायचे तर दोन्हीकडे कार्पेटच धरायला पाहिजे, नाहीतर स्वस्त वाटतो तोच महाग निघतो.

कागदपत्रांत मूळ बिल्डरचं अ‍ॅग्रीमेंट, मधल्या प्रत्येक व्यवहाराचा इंडेक्स टू (म्हणजे नोंदणीचा सरकारी गोषवारा), कम्प्लीशन सर्टिफिकेट, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट (सभासद असल्याचा दाखला), टॅक्सची आणि लाइटची बिलं हे सगळं मागितलं. इंडेक्स टू तर नोंदणी विभागाच्या साइटवर आपल्याला घरबसल्या शोधता येतो, आम्ही वकिलांकडे जायच्या आधीच बघितला होता. वकिलांचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुने व्यवहार आणि बोजे तपासून दिलेला) वेगळा, तो करायचाच, तिथे पैसे वाचवू नका.

आमचं घोडं अडलं ते शेअर सर्टिफिकेटवर. विकणाऱ्या काकांनी फ्लॅट २०११ मध्ये घेतलेला, अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर, मेंटेनन्स नियमित, सगळं चोख. पण सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला जिथे ट्रान्सफरची नोंद असते तिथे पहिल्याच मालकाचं नाव, पुढच्या ओळी कोऱ्या. काका म्हणे, "अहो राहिलं ते करायचं, कोणी विचारलंच नाही." बँकेच्या वकिलाने विचारलं. मग आधी सोसायटीने काकांच्या नावावर ट्रान्सफर करायचं आणि मग आमच्यासाठी एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, द्यायची असं ठरलं, आणि मॅनेजिंग कमिटीची मीटिंग महिन्यातून एकदा! त्यात सेक्रेटरी म्हणाले की ट्रान्सफरचे पन्नास हजार होतात, बिल्डिंग फंडाला. वकिलांनी शांतपणे सांगितलं की महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार, हे शासनाने २००१ मध्येच ठरवून दिलंय, आणि त्याशिवाय ट्रान्सफर फी ५०० आणि प्रवेश फी १०० रुपये, बस. डोनेशनच्या नावाखाली वरचे पैसे घेता येत नाहीत. आम्ही भांडलो नाही, परिपत्रकाची प्रिंट अर्जाला जोडली आणि २५ हजारांचा चेक दिला. तिथेच उद्या राहायला जायचंय, त्यामुळे सूर जपून.

पार्किंगचं पण बघा. काका म्हणत होते पार्किंग "आमचंच आहे" पण अ‍ॅग्रीमेंटमध्ये एक शब्द नाही. सोसायटीकडून अलॉटमेंटचं पत्र मिळालं तेव्हाच आम्ही ते किमतीत धरलं.

आता पैशाचं सांगते, कारण सगळे हप्त्याचाच हिशोब करतात आणि हातातून लगेच किती जाणार ते कोणी बोलत नाही. ३० लाखांच्या वर ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे आमचे ६२ लाख ४० हजार, तेही बँकेच्या व्हॅल्युअरने किंमत तेवढी धरली तर. उरलेले १५ लाख ६० हजार आपले. आणि स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन या किमतीत धरत नाहीत, ते पूर्ण आपल्या खिशातून. पुणे मनपा हद्दीत सगळं धरून ड्युटी ७ टक्के, पण खरेदीदार फक्त बाई असेल तर ६. नवरा-बायको दोघांची नावं टाकली की ही सवलत गेली. आमच्या रकमेवर हा एक टक्का म्हणजे ७८ हजार होतो, तेवढ्यात आमचं एक बाथरूम झालं.

फ्लॅट मग माझ्या एकटीच्या नावावर घेतला, कर्जात नवरा को-अ‍ॅप्लिकंट. यात एक मेख आहे, मालकीत नाव नसेल तर तो कर्जाच्या व्याजाची वजावट घेऊ शकत नाही. पण तो नव्या टॅक्स रिजीममध्ये आहे आणि तिथे राहत्या घराच्या व्याजाला वजावट तशीही नाही, म्हणून आम्हाला काही फरक पडला नाही. तुम्ही जुन्या रिजीममध्ये असाल तर आधी सीएला विचारा. दूरच्या नातेवाइकांनी "अरे तुझं नावच नाही घरावर?" असं नवऱ्याला बरंच ऐकवलं, सासूबाईंनी मात्र एका वाक्यात विषय संपवला, "माझं नाव कधी कुठल्या घरावर होतं, तेव्हा कोणी विचारायला आलं नाही."

टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा टॅक्स, ही दुसरी गोष्ट. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असली की खरेदीदाराने एक टक्का कापून सरकारकडे भरायचा, आमच्या वेळी त्याला २६क्यूबी फॉर्म होता, ज्या महिन्यात कापला तो संपल्यावर ३० दिवसांच्या आत. विकणाऱ्याचं पॅन आधारशी लिंक आहे का ते आधी तपासा! नसेल तर एक टक्क्याऐवजी २० टक्के कापावा लागतो आणि नोटीस येते ती आपल्याला, विकणाऱ्याला नाही. आणि विकणारा परदेशात स्थायिक असेल तर हा एक टक्क्याचा नियमच लागत नाही, तिथे सीएशिवाय पुढे जाऊ नका.

रजिस्ट्रेशनचा दिवस तसा सोपा गेला. डेटा एन्ट्री आणि चलन वकिलांच्या ऑफिसने आधीच केलेलं, रजिस्ट्रेशन फी एक टक्का पण ३० हजारांच्या वर जात नाही. हवेलीच्या सब-रजिस्ट्रार ऑफिसात टोकनप्रमाणे नंबर लागला, फोटो, अंगठा, दोन साक्षीदार, झालं. विकणाऱ्या काकूंचा अंगठा मशीन घेत नव्हतं, वयामुळे रेषा पुसट झालेल्या, मग थोडं तेल लावून, पुसून, परत दाबून एकदाचा घेतला.

इथून पुढे घर लावायचं. रजिस्ट्रेशन झाल्यावर हातात साधारण सात लाख उरले होते आणि इंटिरियरवाल्याने पहिल्याच भेटीत थ्रीडीमध्ये फॉल्स सीलिंग, टीव्ही युनिट, प्रोफाइल लाइट असं सगळं दाखवलं. दिसतं छान. पण वीस वर्षं जुन्या घरात पैसा आधी भिंतीच्या आत घालायचा असतो असं माझं स्पष्ट मत आहे, नळ, वायर आणि वॉटरप्रूफिंग. टीव्ही युनिट नंतर कधीही करता येतं, बाथरूम राहायला गेल्यावर फोडून बघा म्हणजे कळेल.

दोन्ही बाथरूम खालपर्यंत फोडली. आतले जुने जीआय म्हणजे लोखंडी पाइप बाहेर आले तेव्हा कापलेल्या तोंडातून बघितलं तर बोट जाईल एवढ्या पाइपात पेन्सिल जाईल एवढीच जागा, बाकी सगळा तपकिरी गंज. प्रेशर कमी म्हणून काका इतकी वर्षं टाकीला दोष देत होते. सगळीकडे सीपीव्हीसी म्हणजे प्लास्टिकचे टाकले. मग ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा, वर वॉटरप्रूफिंगचा कोट, आणि टाइल लावायच्या आधी ट्रॅप (पाणी जायचं तोंड) बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवलं. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला मॅडम गरज नाही, आपलं काम गॅरंटीचं आहे. मी म्हटलं गॅरंटी असू दे, पाणी पण असू दे. खालच्या मजल्यावरच्या काकूंना आधीच सांगून ठेवलेलं, त्या सकाळ-संध्याकाळ त्यांच्या सीलिंगचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नहाणी ट्रॅपच्या कडेला हातभर ओल दिसली! तेवढं परत उकरून नीट भरून घेतलं, परत पाणी भरलं, मग कोरडं. हे टाइल लावून झाल्यावर कळलं असतं तर सगळंच परत.

सासूबाईंच्या बाथरूमला वेगळा विचार केला. टाइल मॅट अँटिस्किड, दुकानात सँपलवर पाणी ओतून ओल्या पायाने उभं राहून बघितली, दुकानदार हसला, हसू दे. उंबरा काढून टाकला, पाणी बाहेर येऊ नये म्हणून उतार नीट दिला. कमोडची सीट जमिनीपासून १८ इंचांवर येईल असा घेतला कारण खाली बसलं की गुडघ्यावरून उठता येत नाही. पकडायचे दांडे कमोडच्या बाजूला आणि शॉवरपाशी, त्यासाठी प्लास्टर करतानाच त्या जागा भक्कम करून घेतल्या. कुठे लावायचे हे कॉन्ट्रॅक्टरला ठरवू दिलं नाही, सासूबाईंना खुर्चीवर बसवून त्यांचा हात जिथे आपोआप गेला तिथे पेन्सिलने खूण केली. आणि दार बाहेर उघडणारं, कडी बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार ढकलताच येत नाही.

वायरिंग पूर्ण नवीन केलं. लाइट-पंख्याला दीड स्क्वेअर मिलीमीटरची, जड प्लगला अडीचची, गिझर आणि एसीला चारची वायर, आणि मेन बोर्डला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी. हा जुन्या घरात नव्हताच. शॉक लागला तर तो लगेच लाइन तोडतो, एमसीबी (जास्त लोडला पडणारा स्विच) असल्या शॉकला पडत नाही, दोन्ही लागतात. प्लग पॉइंट ठरवायला आम्ही जमिनीवर खडूने फर्निचर आखलं, मग मिक्सर, आरओ, राउटर, उशाशी मोबाइल, सगळं मोजलं तर कॉन्ट्रॅक्टरच्या यादीपेक्षा बरेच जास्त निघाले.

किचनमध्ये ओटा ३४ इंच करतो म्हणाला, स्टँडर्ड आहे म्हणे. माझी उंची पाच फूट एक इंच. जुन्या भाड्याच्या घरात पोळ्या लाटताना खांदे दुखायचे ते उगाच नाही, मी ३२ चा करून घेतला. सिंकखालच्या कपाटाला बीडब्ल्यूपी म्हणजे ७१० नंबरचं, पाण्यात टिकणारं प्लाय, बाकी कोरड्या ठिकाणी साधं ३०३ वालं चालतं, सगळीकडे महागडं लावायची काही गरज नाही. फक्त प्लायवर शिक्का बघून घ्या आणि तो शीट कापायच्या आधी बघा. कोपऱ्यातली फिरती ट्रॉली घेतली नाही, त्या पैशात माळा झाला, आणि गौरीचं सामान, मोठी पातेली, पाहुण्यांच्या गाद्या हे सगळं माळ्यावरच जातं, ट्रॉलीत नाही. ड्राय बाल्कनी बंद करून स्टोअर करा असा सल्ला सगळ्यांनी दिला. पावसाळ्यात कपडे कुठे वाळवायचे ते मात्र कोणी सांगितलं नाही, म्हणून ती तशीच ठेवून दोरीचं पुली स्टँड लावलं.

पैसे कामाच्या टप्प्यांवर दिले आणि दहा टक्के शेवटपर्यंत रोखून ठेवले. बाथरूमचा एक नळ आणि दोन ट्रॉल्यांची चॅनल त्या दहा टक्क्यांनीच दुरुस्त झाली.

राहायला गेल्यावर महावितरणचं नाव ऑनलाइन अर्ज करून बदललं, ते पटकन झालं. महापालिकेच्या टॅक्सला नाव लावायला वेळ लागतो. ते बिल आलं की त्यावर स्वतः राहणाऱ्याला मिळणारी ४० टक्के सवलत लागलीय का तेवढं बघा, नसेल तर पीटी-३ फॉर्म भरून द्यावा लागतो. आमचा दिलाय, पुढच्या बिलात दिसेल. फॉल्स सीलिंग अजून नाही, टीव्ही जुन्या टेबलावरच आहे आणि बेडरूमच्या वॉर्डरोबचं कोटेशन मागवलंय, ते आल्यावर ८ बाय ७ फुटांच्या वॉर्डरोबला सरकती दारं बरी की उघडणारी हे कोणी वापरून बघितलं असेल तर जरूर सांगा.