दहा चौकोन आणि पाच ब्राउझर

अर्जाची पहिली तीन पानं विनातक्रार पार पडली. नाव, पत्ता, शिक्षण, फोटो. चौथ्या पानावर नोकरीचा अनुभव होता आणि प्रत्येक नोकरीपुढे दोन चौकोन, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’. माझ्या नोकऱ्या पाच, म्हणजे चौकोन दहा. पहिल्या चौकोनात मी ‘जून २०१४’ लिहिलं आणि खाली लाल अक्षरं उमटली: ‘कृपया योग्य महिना निवडा.’

निवडा म्हणे! निवडायला समोर काहीतरी असावं लागतं. यादी नाही, कॅलेंडर नाही, साधा खाली जाणारा बाणसुद्धा नाही. कोरा पांढरा चौकोन. मी ०६/२०१४ लिहिलं. मग ०६-२०१४. मग इंग्रजी स्पेलिंगमध्ये जून. लाल अक्षरं जागची हलली नाहीत. या खटपटीत सेशन संपलं आणि मी पुन्हा पहिल्या पानावर, नाव-पत्त्यापासून सुरुवात.

हेल्पलाइनला फोन लावला.

“मॅडम, ब्राउझर कोणता वापरताय?”

“फायरफॉक्स.”

“मग क्रोममध्ये करा ना, मॅडम.”

बस, संपलं. सर्दी झाली म्हटल्यावर वाफ घ्या सांगावं, इतक्या सहज. मी बरीच वर्षं फायरफॉक्सच वापरते. माझे पासवर्ड, खुणा केलेली पानं, जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन, सगळा संसार तिथे आहे. आणि खरं सांगायचं तर थोडा हट्टही आहे. वेबपान मानकांना धरून बनवलं असेल तर ते कुठेही चालायला हवं. एका अर्जासाठी घर का बदलायचं?

पण मुदत जवळ आली होती, तेव्हा हट्ट बाजूला ठेवला. क्रोम माझ्याकडे नव्हतं, ब्रेव्ह होतं. ते क्रोमच्याच जातकुळीतलं. आणि खरंच, तोच चौकोन तिथे वेगळा दिसला. उजव्या टोकाला इवलंसं कॅलेंडर, दाबलं की बारा महिने समोर. दहाही चौकोन पाच मिनिटांत भरले. शेवटी ‘मी रोबोट नाही’ची पायरी असावी, पण तिथे नुसती मोकळी जागा, आणि ‘सबमिट’चं बटण दाबलं जाईना. ब्रेव्ह पानावरच्या काही परक्या स्क्रिप्ट, म्हणजे दुसऱ्या साइटवरून येणारे छोटे प्रोग्रॅम, आपणहून अडवतं, हे लक्षात यायला थोडा वेळ गेला. पत्त्याच्या पट्टीतल्या सिंहावर, म्हणजे ब्रेव्हच्या चिन्हावर, क्लिक करून मी त्या साइटपुरती ढाल खाली केली, म्हणजे हे अडवणं बंद केलं. रोबोटवाला चौकोन उगवला. पण ढाल खाली केली की पान आपोआप रिलोड होतं. भरलेलं सगळं पुसलं गेलं.

त्यानंतर मी लॅपटॉप मिटून ठेवला. दुसऱ्या दिवशी ताईकडे गेले.

ताईच्या आयफोनवर क्रोम आहे. “दे इकडे, मी भरते,” म्हणाली. महिन्याच्या चौकोनावर बोट ठेवताच खालून महिना आणि वर्षाची फिरती चाकं वर आली. ताई माझ्याकडे बघून हसली. “बघ, क्रोममध्ये चालतं!” मी म्हटलं, अगं, हे क्रोम नावाचंच. आयफोनवर ब्राउझर कुठलाही टाका, ॲपलच्या नियमामुळे आतलं इंजिन, म्हणजे पान वाचून पडद्यावर मांडणारा भाग, सफारीचंच. त्याचं नाव वेबकिट. (युरोपीय संघात २०२४ पासून यात सूट मिळाली आहे, पण आम्हाला त्याचा काय उपयोग?) मग सफारीत चालतं असं समजून, फोटो आणि प्रमाणपत्रं मॅकवर होती म्हणून, तोच अर्ज तिच्या मॅकवर सफारीत उघडला. कोरा पांढरा चौकोन! फायरफॉक्समध्ये होता तसाच. सफारी दोन्हीकडे, आणि फोनवर चाकं फिरतात तर मॅकवर काहीच नाही.

इथे माझा राग संपला आणि कुतूहल सुरू झालं.

आधी वाटलं, साइट ब्राउझरचं नाव विचारून भेदभाव करत असेल. असं होतं. मागे एका कार्यालयाची साइट ‘आपला ब्राउझर चालणार नाही’ असं सांगून दारातच अडवायची. मी एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, टाकून फायरफॉक्सला क्रोमचा मुखवटा चढवला, तर आतलं सगळं बिनबोभाट चाललं. ब्राउझर प्रत्येक साइटला आपली ओळख सांगतो, ती ओळ एकदा वाचण्यासारखी आहे. क्रोमच्या ओळीत सुरुवातीला ‘मोझिला’, पुढे ‘ॲपलवेबकिट’, मग ‘केएचटीएमएल, लाइक गेको’, मग क्रोम, आणि शेवटी ‘सफारी’. नेटस्केप हा जुना ब्राउझर स्वतःला मोझिला म्हणवायचा. साइट मोझिला बघूनच चांगली पानं द्यायला लागल्या, म्हणून इंटरनेट एक्सप्लोररने तेच नाव लावलं, आणि पुढे जो आला त्याने आधीच्यांची नावं आपल्या नावापुढे जोडली. लांबलचक वंशावळ, आणि बहुतेक पूर्वज उसने.

मुखवटा इथेही चढवून पाहिला. चौकोन कोराच राहिला. म्हणजे अडचण नावात नव्हती.

मग फायरफॉक्समध्ये त्या चौकोनावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडलं. मी काही प्रोग्रॅमर नाही, पण एवढं वाचता येतं. चौकोनाच्या कोडमध्ये लिहिलं होतं: इनपुट, टाइप बरोबर ‘मंथ’. ‘डेट’ नाही, ‘मंथ’. शोधल्यावर उलगडा झाला. पूर्ण तारखेचा ‘डेट’ प्रकार फायरफॉक्समध्ये २०१७ पासून, ५७व्या आवृत्तीपासून आहे. नुसत्या महिन्याचा ‘मंथ’ मात्र डेस्कटॉपवरच्या फायरफॉक्समध्येही नव्हता आणि मॅकच्या सफारीतही नव्हता. क्रोममध्ये होता, आयफोनवर होता. ओळखीचा नसलेला प्रकार दिसला की ब्राउझरने त्याला साधा मजकुराचा चौकोन समजावं, असा एचटीएमएलचा, म्हणजे वेबपानं ज्या भाषेत लिहितात तिचा, नियमच आहे. म्हणजे फायरफॉक्स नियमानेच वागत होता. चूक ज्याने अर्ज बनवून फक्त क्रोममध्ये उघडून पाहिला त्याची. त्याने महिना आणि वर्ष अशा दोन साध्या याद्या दिल्या असत्या तर त्या कुठेही चालल्या असत्या, अगदी जुन्यापान्या ब्राउझरमध्येही.

पण मला हवं होतं ते पुढच्या ओळीत सापडलं. क्रोम कॅलेंडरमधून निवडलेला महिना साइटकडे पाठवतो तो आधी वर्ष, मग आडवी रेघ, मग दोन आकडी महिना असा. जून २०१४ म्हणजे २०१४-०६. कॅलेंडर नसेल तर तेच हाताने लिहायचं.

मी लिहिलं, २०१४-०६. लाल अक्षरं!

आता मात्र हसू फुटलं. कीबोर्ड मराठीवर होता. आकडे देवनागरी गेले होते, आणि तपासणाऱ्या स्क्रिप्टला इंग्रजी आकड्यांपलीकडे आकडे माहीत नव्हते. कीबोर्ड बदलला, तीच सहा अक्षरं आणि एक रेघ पुन्हा टाइप केली. लाल ओळ गेली. दहाही चौकोन तसेच भरले, माझ्याच फायरफॉक्समध्ये, आणि अर्ज गेला.

या भानगडीत मी एकूण पाच ब्राउझर वापरले: फायरफॉक्स, ब्रेव्ह, फोनवरचं क्रोम, मॅकवरची सफारी आणि विंडोजबरोबर येणारं एज. पाच म्हटलं तरी आतली इंजिनं तीनच: फायरफॉक्सचं, सफारीचं आणि क्रोमचं. एज जानेवारी २०२० पासून क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच पायावर आहे, ऑपेरा ब्राउझरने स्वतःचं प्रेस्टो इंजिन २०१३ मध्येच सोडून तीच वाट धरली, ब्रेव्ह आणि विवाल्डी हे ब्राउझर पहिल्यापासून तिथलेच. बाटल्या वेगळ्या, औषध एकच. त्यामुळे एखादी साइट ब्रेव्हमध्ये अडली तर एजमध्ये जाण्यात अर्थ असतो तो त्यातल्या ढाली आणि एक्स्टेन्शन वेगळ्या असतात म्हणून. इंजिनाचीच अडचण असेल तर काही फरक पडत नाही. हल्ली मी आधी प्रायव्हेट विंडो उघडते. तिथे सहसा एक्स्टेन्शन बंद असतात आणि जुन्या कुकीज नसतात. तिथे पान चाललं तर दोष माझ्याच घरातला. तिथेही नाही चाललं तरच दुसऱ्या इंजिनाचं दार ठोठावते.

एजचा उपयोग शेवटी झाला. अर्जाची पावती फायरफॉक्समधून छापताना उजवीकडचा रकाना कापला जात होता, नेमका अर्ज क्रमांकाचा. त्यावर वेळ घालवायची ताकद उरली नव्हती. एजमध्ये उघडली, छापली.

हेल्पलाइनला मात्र सविस्तर लिहून पाठवलं: कुठलं पान, कुठला चौकोन, कुठला प्रकार, दोन्ही ब्राउझरचे स्क्रीनशॉट, आणि तोडगा म्हणून दोन याद्यांची सूचना. चार दिवसांनी उत्तर आलं. ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.’ खाली क्रोम डाउनलोड करायची लिंक होती.